साखरेचा भाव, शाळेची फी

तुमच्या पायाखाली तांबडी माती आहे आणि नाकात रॉकेलसारखा उग्र वास. साल १९४९. मॉरिशसचा पश्चिम किनारा, ब्लॅक रिव्हर जिल्हा, एका साखर इस्टेटीचा कॅम्प. कॅम्प म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या रांगा, पाचटाने शाकारलेल्या. चहूकडे ऊस, आणि उसात मधेमधे काळ्या दगडांचे उंच ढीग. जमीन साफ करताना इथल्या लोकांच्या आजा-पणजांनी ते दगड हातांनी वेचून रचलेत. १८३४ पासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं साडेचार लाखांहून अधिक हिंदुस्थानी माणसं करारावर या बेटावर उतरली. त्यांतली काही मुंबई बंदरात गलबतावर चढलेली, कोकणातली आणि घाटावरची.

आज कॅम्पातलं सगळं सामान अंगणात आलंय. हंडा, पाटा-वरवंटा, गणपतीची तसबीर, एक खाट. खाटेवर सात-आठ वर्षांचा मुलगा भर दुपारी, उन्हात, गोधडीखाली कुडकुडतोय. त्याची आजी तुमच्याकडे बघते. तुमचे कपडे विचित्र आहेत, पण चित्रविचित्र कपड्यांतले साहेब इथे बरेच येतात; ती फार आश्चर्य करत नाही. "लाफ्येव," ती क्रेओलमध्ये म्हणते. ताप. मग तुमचा चेहरा निरखून मराठीवर येते, "दर साली येतो मेला. ह्याच्या थोरल्या भावाला घेऊन गेला."

खाकी कपड्यांतली माणसं हातपंप घेऊन आत शिरतात. भिंतींवर, आढ्यावर, माचाच्या खालच्या बाजूवर फवारा बसतो. डीडीटी. तुम्हाला ठसका लागतो. तुम्ही एकविसाव्या शतकातून आलाय, या पावडरीचे पुढचे सगळे धिंडवडे तुम्हाला ठाऊक आहेत. पण ते इथे बोलायची ही वेळ नाही. १८६७ च्या एका वर्षात हिवतापाच्या साथीने या बेटावरच्या दर दहा माणसांतलं जवळजवळ एक माणूस नेलं. १९०७ मध्ये खुद्द रोनाल्ड रॉस, सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधणारे, इथे येऊन सल्ला देऊन गेले. सल्ला मिळाला, पैसा मिळाला नाही. आता चाळीस वर्षांनी ब्रिटिश वसाहत खात्याच्या विकासनिधीतून पैसा आलाय, आणि प्रत्येक घराच्या भिंती फवारल्या जातायत.

"भिंतीला हात लावू नको, बाबा," आजी बजावते. तुम्ही हात मागे घेता.

दोन-तीन वर्षांत घरात राहणारी, माणसाच्याच रक्तावर जगणारी 'फ्युनेस्टस' ही डासाची जात बेटावरून साफ नाहीशी होते. खाटेवरचा मुलगा जगतो. त्याच्यामागून झालेली भावंडंही जगतात, आणि कॅम्पातल्या प्रत्येक घरात हेच घडतं. १९५२ च्या जनगणनेत बेटावर पाच लाख माणसं आहेत. १९६२ मध्ये पावणेसात लाखांच्या वर. मदतीचा असा एक गुण असतो, ती एक दार बंद करून दुसरं उघडते, आणि दुसऱ्या दाराशी कोण उभं आहे ते आधी कळत नाही.

दुसऱ्या दाराशी एक प्राध्यापक उभे आहेत. तुम्ही १९६० मध्ये, राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यावर. रस्ता म्हणायचा म्हणून. वाकलेले पत्रे, मुळासकट आडवी झालेली झाडं, तारांची जाळी. फेब्रुवारीच्या शेवटी 'कॅरोल' नावाचं वादळ ताशी अडीचशे किलोमीटरच्या झोतांनी बेटावरून गेलंय. महिनाभर आधीच 'ॲलिक्स' येऊन गेलं होतं. पाचटाची घरं राहिलीच नाहीत. ऊस लोळलाय, या हंगामात साखर निम्म्याहूनही कमी होईल. निर्यातीत साखरेशिवाय सांगण्यासारखं काही नाही.

प्राध्यापकांचं नाव जेम्स मीड. केंब्रिजचे, पुढे १९७७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळणार आहे. त्यांच्याबरोबर समाजकल्याणाचे अभ्यासक रिचर्ड टिटमस यांचाही एक गट काम करतोय. तुम्ही मीड यांच्या खांद्यावरून त्यांच्या वहीत डोकावता. आकडे वाईट आहेत. एकच पीक, वादळांच्या वाटेवरचं बेट, तीन टक्क्यांनी वाढणारी लोकसंख्या, आणि हिंदू, मुसलमान, क्रेओल, चिनी, गोरे अशी दाटीवाटीने राहणारी माणसं. १९६१ मध्ये छापलेल्या अहवालाचा सूर हाच आहे की इथे शांततेने काही बरं घडण्याची आशा धरू नये. तुम्हाला वाटतं त्यांना सांगावं की साहेब, चुकताय. पण त्यांची बेरीज चुकलेली नाही. पुढे त्यांनीच सुचवलेल्या गोष्टी बेटाने मनावर घेतल्या: कुटुंबनियोजन, कारखानदारी, मजुरीच्या दरावर लगाम. कुटुंबनियोजनाला कॅथलिक चर्चचा विरोध होता, तर चर्चला चालेल अशा पद्धतीची वेगळी संस्था काढली आणि दोन्ही संस्थांना सरकारने पैसे दिले. दहा-बारा वर्षांत एका बाईमागे सहा मुलांचं प्रमाण साडेतीनच्या खाली आलं. भाकीत खोटं पाडायचा हा मार्ग भाकीत करणाऱ्यानेच दाखवला होता, हे मीडविषयी बोलताना लोक विसरतात.

आता लंडन. सप्टेंबर १९६५, लँकेस्टर हाउस. झुंबरं, गालिचे, चहा. तुम्ही भिंतीलगतच्या खुर्चीत बसलाय आणि टेबलावर एक सौदा चाललाय. मॉरिशसला स्वातंत्र्य हवंय. ब्रिटनला त्याआधी चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून हवीत, कारण त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ पाहिजे. मॉरिशसचे मंत्री पैशाआधी काय मागतात, ते नीट ऐका: अमेरिकेने आमची जास्त साखर विकत घ्यावी. ते जमत नाही. शेवटी ठरतं ३० लाख पाउंडांवर. सकाळी ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना एकट्याला भेटलेत, आणि त्या भेटीत काय दबाव आला याचे कागद पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले. चागोसच्या दीड-दोन हजार लोकांना पुढच्या आठेक वर्षांत घरदार सोडावं लागलं. या ३० लाखांना सरकारी कागदांत काहीही म्हणोत, मदतीच्या नावाखाली झालेली ही खरेदी होती. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटनने चागोस परत करण्याच्या करारावर सही केली, त्यात एकट्या दिएगो गार्सियाच्या ९९ वर्षांच्या भाड्यापोटी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पाउंड धरलेत. १९६५ चा भाव काय होता, ते यावरून कळावं.

पण मंत्र्यांची ती पहिली मागणी लक्षात ठेवा. पैसे नकोत, साखर घ्या. कोल्हापूर-सांगलीकडे ऊसदराच्या आंदोलनांत चक्का जाम पाहिलेल्या माणसाला ही मागणी समजावून सांगावी लागू नये.

तुम्ही आता नोव्हेंबर १९७४ मध्ये पोर्ट लुईच्या धक्क्यावर आहात. हमाल साखरेच्या गोण्या डोक्यावरून वाहतायत. वारा गोड आहे, चिकट आहे. जगात साखरेचा भाव कधी नव्हे इतका चढलाय, पाउंडभर वजनाला ६५ अमेरिकी सेंट. धक्क्यावरचा प्रत्येक जण आज श्रीमंत असल्यासारखा बोलतो. अशा वेळी कुठल्या शहाण्याने दीर्घ मुदतीच्या, बाजारापेक्षा कमी भावाच्या कराराला हात घालावा?

कृषिमंत्री सत्काम बुलेल यांनी घातला. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेला तेव्हा राष्ट्रकुलातल्या ऊसवाल्या देशांशी असलेला त्याचा जुना साखर करार संपत आला होता. त्याच्या जागी २८ फेब्रुवारी १९७५ ला टोगोची राजधानी लोमे इथे झालेल्या कराराला साखरेचा एक पूरक करार जोडला गेला. युरोपने ठरावीक साखर ठरावीक हमीभावाने, मुदतीच्या मर्यादेशिवाय घ्यायची. एकूण सुमारे १३ लाख टन, आणि त्यांतला सगळ्यांत मोठा वाटा, पाच लाख टनांच्या आसपास, एकट्या मॉरिशसचा. भाव चढलेला असताना या चिमुकल्या देशाने भावापेक्षा कोट्यावर डोळा ठेवला. तीन वर्षं पुढे जा आणि त्याच धक्क्यावर परत उभे राहा: १९७८, जगाच्या बाजारात साखर आठ सेंटांच्या आसपास. मॉरिशसची साखर मात्र युरोपच्या भावाने चाललीय. पुढची कित्येक वर्षं तो भाव जागतिक बाजाराच्या दुपटी-तिपटीने राहिला.

या उदारपणाची दुसरी बाजूही इथेच सांगून टाकतो. युरोपचा भाव चढा होता तो मॉरिशसच्या प्रेमापोटी नव्हे, आपल्या बीटवाल्या शेतकऱ्यांना सांभाळण्यासाठी. त्याच धोरणातून युरोप आपली जादा साखर अनुदान देऊन जगभर ओतायचा आणि ब्राझील, थायलंडच्या उसाचे भाव पाडायचा. मॉरिशसला त्या चढ्या भिंतीच्या आतल्या बाजूला जागा मिळाली, इतकंच. आणि आत आलेला पैसा आधी गेला तो फ्रेंच वंशाच्या मोजक्या इस्टेटवाल्या घराण्यांकडे. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर बसवला आणि मोठ्या बागायतदारांवर तो चढता ठेवला. पैसा घराण्यांच्या तिजोरीत जाण्याआधी रस्त्यात एक नाका उभा केला.

नाक्यावरचा पैसा कुठे जावा, हे ठरवायला पोरं रस्त्यावर आली. २० मे १९७५. तुम्ही ग्राँ रिव्हिएर नॉर-वेस्टच्या पुलापाशी आहात. गणवेशातली मुलं-मुली हजारोंनी पोर्ट लुईकडे निघालीत आणि पोलिसांनी पूल अडवलाय. अश्रुधुराने तुमचे डोळे चुरचुरतात. शेजारची एक मुलगी तिच्या फ्रॉकच्या टोकाने नाक दाबून धरते आणि ओरडणं सोडत नाही. मागण्या बऱ्याच आहेत: वसाहतीच्या काळातले अभ्यासक्रम बदला, भाषेचं बघा, श्रीमंतांच्या कॉलेजांना एक न्याय आणि गल्लीतल्या खासगी कॉलेजांना दुसरा, हे थांबवा. तुम्ही त्यांच्याबरोबर धावता. पोलिसांच्या काठीला तुम्ही भविष्यातून आलाय हे माहीत नसतं.

डिसेंबर १९७६ मध्ये निवडणूक आली. मतदानाचं वय अठरावर आलं होतं, म्हणजे पुलावरची कित्येक पोरं आता मतदार होती. विरोधी पक्ष जोरात, पंतप्रधान रामगुलाम अडचणीत. त्यांनी माध्यमिक शिक्षण मोफत करायचं जाहीर केलं, आणि जानेवारी १९७७ मध्ये ते झालं. त्या सकाळी तुम्ही वाक्वाजवळच्या एका मराठी घरात आहात. बाप ऊसतोडीला जाणारा, आई लोकांकडे धुणीभांडी करणारी. थोरला मुलगा कॉलेजात जातो (इथे माध्यमिक शाळेलाच कॉलेज म्हणतात). मुलगी हुशार, पण फीचे पैसे एकाचेच जमतात, आणि एकाचेच जमले की ते कुणाचे, हे तुम्हाला सांगायला नको. आज ती गणवेश घालून दारात उभी आहे. बाप म्हणतो, "जा गो, आज कुणी पैसे मागणार नाहीत." तो युरोपचं नावही घेत नाही. कशाला घेईल? त्या शाळेच्या भिंतीवर युरोपची पाटी कुठेच नाही.

पाटी दुसरीकडे आहे. मोकाच्या डोंगराखाली, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. ३ जून १९७० ला इंदिरा गांधींनी कोनशिला बसवली आणि ९ ऑक्टोबर १९७६ ला संस्थेचं उद्घाटन झालं. भारत आणि मॉरिशस सरकारांचं हे एकत्र काम. तुम्ही इथल्या वर्गात जरूर बसा. हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्याबरोबर इथे मराठी शिकवतात. घरात क्रेओल बोलणारी, फ्रेंच वर्तमानपत्र वाचणारी, इंग्रजीत परीक्षा देणारी मुलं ज्ञानेश्वरांपाशी येतात तेव्हा त्यांना चार भाषांचा घाट चढून यावं लागतं. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते, समुद्रात विसर्जन होतं, कोकणातल्या जाखडीची 'झाकरी' होऊन ती अजून नाचली जाते. या सगळ्याला शाळेचा आधार भारताच्या मदतीने दिला, यात शंका नाही. कोनशिलेची मदत मी कमी लेखत नाही. तिचं श्रेय मोजायला सोपं असतं म्हणून ती मोठी वाटते, एवढंच म्हणतो.

पुढची वर्षं भरभर जाऊ द्या. १९८५ च्या सुमारास एका विणकाम कारखान्याच्या फाटकावर सकाळी सातला उभे राहिलात तर नुसत्या बायकांचा लोंढा दिसेल. १९७० च्या कायद्याने निर्यातीसाठीच्या कारखान्यांना करसवलती मिळाल्या. कल्पना तैवानचं उदाहरण पाहिलेल्या प्राध्यापक लिम फात यांची. युरोपात जकात नाही, म्हणून हाँगकाँगचे कापडवाले इथे आले. बेटावर मेंढ्या औषधालाही नाहीत आणि हा देश लोकरी स्वेटरच्या मोठ्या निर्यातदारांत जाऊन बसला. १९९० पर्यंत अशा कारखान्यांत नव्वद हजारांच्या आसपास लोक कामाला होते. साखरवाल्या घराण्यांनी साखरेच्या भावातून साठलेला पैसा या कारखान्यांत आणि हॉटेलांत घातला. भारतानेही अशीच एक सवलत दिली, १९८३ पासूनचा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार. त्याच्या जोरावर मॉरिशस वर्षानुवर्षं भारतातल्या परकी गुंतवणुकीच्या यादीत वरच्या जागी दिसत राहिला. त्यातला पैसा मॉरिशसचा किती आणि तिथून फक्त वळसा घालून येणारा किती, यावर मुंबईत पुष्कळ शाई खर्च झाली. २०१६ मध्ये ती वाट अरुंद केली गेली.

मग भाव गेला. २००६. तुम्ही एका बंद होणाऱ्या साखर कारखान्याच्या आवारात आहात. इथली माणसं दर हंगामाला भोंग्यावर उठली आणि भोंग्यावर निजली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत युरोपच्या साखर धोरणाविरुद्ध दावा जिंकला. युरोपने चार वर्षांत हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये साखरेचा पूरक करारच संपवला. मुदतीच्या मर्यादेशिवाय दिलेलं वचन चौतीस वर्षं टिकलं. याच सुमारास कापडाचे जागतिक कोटेही उठले आणि हाँगकाँगचे कापडवाले गाशा गुंडाळू लागले. दोन्ही खांब एकदम. एक वयस्क कामगार स्वेच्छानिवृत्तीचा कागद दुमडून खिशात घालतो; त्यात रोख रक्कम आहे आणि जमिनीचा एक छोटा तुकडा. भावाच्या बदल्यात युरोपने या वेळी रोख मदत दिली, आणि मॉरिशसने ती कारखाने एकत्र करायला, कच्च्याऐवजी शुद्ध आणि खास चवीच्या साखरा बनवायला, बगॅसवर वीज करायला वापरली. देश कोसळला नाही. कारण वाक्वाच्या त्या मुलीसारख्या हजारो मुली तोवर बँकांत, शाळांत, हिशेबाच्या कचेऱ्यांत बसल्या होत्या.

शेवटचा थांबा अलीकडचा आहे. २२ जानेवारी २०२१. विमानतळावर भारताने भेट दिलेले कोव्हिशील्डचे एक लाख डोस उतरतायत, पुण्यात बनलेले. तुमच्याच राज्यातला माल, छाती फुगू द्या थोडी. तिथून मेट्रोकडे जा: पोर्ट लुईहून निघालेली, भारताच्या अनुदानातून आणि कर्जातून, मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने बांधलेली. तिचा बराचसा मार्ग १९६४ मध्ये बंद पडलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवरून जातो. २०१६ च्या ३५ कोटी ३० लाख डॉलरच्या मदतीत हिच्याबरोबर कान-नाक-घशाचं रुग्णालय होतं, सर्वोच्च न्यायालयाची इमारत होती, घरकुलं आणि शाळकरी मुलांसाठी टॅब्लेट होते. सगळं कामाचं. मग उत्तरेला अकराशे किलोमीटरवरच्या, मॉरिशसच्याच अगालेगा बेटावर या. वस्ती तीनशेच्या आसपास. २९ फेब्रुवारी २०२४ ला इथे भारताने बांधलेल्या धक्क्याचं आणि तीन किलोमीटरच्या धावपट्टीचं उद्घाटन झालं. तीनशे माणसांना तीन किलोमीटरची धावपट्टी कशाला, हा प्रश्न तुम्ही तिथल्या कोळ्याला विचारला तर तो हसेल, कारण त्यालाही उत्तर ठाऊक आहे. हिंदी महासागरात चीनची जहाजं आहेत. लंडनच्या टेबलावरचा तो सौदा पाहून आल्यावर तुम्हाला याचा धक्का बसू नये. भारताने कुणाला बेटावरून हाकललेलं नाही, हा फरक लहान नाही. पण देणारा काही न मागता देतो, असं समजायचंही कारण नाही.

म्हणून परत आलात की एक करा. कुठल्या बेटाला भारताने काय दिलं अशी बातमी वाचाल, तेव्हा फीत कापतानाचा फोटो बाजूला ठेवा आणि आपण त्यांच्याकडून काय, किती आणि कोणत्या भावाने घेतो ते शोधा. १ एप्रिल २०२१ पासून भारत आणि मॉरिशसमध्ये व्यापार करार लागू आहे. त्यात मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना भारतात सवलतीने यायची मुभा आहे, आणि त्या यादीत खास साखरही आहे. साखरेने गोदामं भरलेल्या महाराष्ट्राला ही कलमं गोड लागणार नाहीत, हे मला कळतं. तरी ब्लॅक रिव्हरच्या कॅम्पातल्या नातवंडांना फुकट शाळेपर्यंत ज्या मदतीने नेलं, ती अशाच एका कलमाच्या रूपात आली होती.